मूळव्याधीच्या पाटीमागे

शौचावाटे रक्त पडू लागले की पुसद-वणीकडील आमचा शेतकरी ती मूळव्याधच समजून भिंतीवर रंगविलेल्या ‘हमखास इलाजा’च्या पाटीमागे जातो, आणि कापसाची वेचणी उरकेपर्यंत लाजेपोटी ही गोष्ट घरातही काढीत नाही, परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कित्येकदा हीच असते.

या रोगाच्या उत्पत्तीत आतड्यातील जंतूंचा हात असावा, हा संशय आता बराच दृढ झाला आहे. एरवी दातांच्या किटणात वस्ती करणारा फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू २०१२ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांना आतड्याच्या अर्बुदांत विपुल आढळला. ई. कोलायचे काही प्रकार तर कोलिबॅक्टिन नावाचे विष निर्माण करतात, जे पेशीतील डीएनएवर ओळखू येण्याजोगे व्रण मागे ठेवते; आणि ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या अर्बुदांची जी तपासणी २०२५ च्या एप्रिलात ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हे व्रण चाळिशीच्या आतील रुग्णांत सत्तरीपुढच्यांहून तिपटीने अधिक दिसले. तरुण वयातच हा रोग का गाठू लागला, या प्रश्नाचा धागा कदाचित येथे असेल; कार्यकारणभाव मात्र अद्याप निर्विवाद सिद्ध व्हावयाचा आहे.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी यांतील चोथ्यावर आतड्यातील हितकर जंतू पोसतात व त्यापासून आतड्याच्या अस्तरास पोषक असे ब्यूटिरेट तयार करतात. ते ताट बिस्किटाच्या पुड्यांपुढे मागे सरावे, याचे आम्हांस मनस्वी दुःख होते. आरोग्य खात्याने प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात मळातील सुप्त रक्ताच्या तपासणीची तजवीज करावी आणि गावोगावच्या आशाताईंकडून, रक्त पडणे अंगावर काढू नये, हा निरोप घरोघर पोहोचवावा.