मंगळवारची पोटदुखी

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात हेल्थ चेकअप झालं. तुमच्याकडेही होत असेलच. कॉन्फरन्स रूममध्ये पडदा लावला, रांगेत उभं करून रक्त काढलं, वजनकाट्यावर चढवलं आणि वर एक सँडविच हातात दिलं. आठवड्याने रिपोर्ट मेलवर हजर. व्हिटॅमिन डी लाल अक्षरात, बी-ट्वेल्व्ह लाल अक्षरात. कुणाचं किती लाल, यावर लंचला मस्त चर्चा झाली आणि सगळे कामाला लागलो. नंतर एकाही माणसाने विचारलं नाही, की काय रे, गोळ्या सुरू केल्यास का?

तेव्हा मला आमच्या सिस्टर आठवल्या.

मी इचलकरंजीचा. नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर दर मंगळवारी आमच्या शाळेत यायच्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. त्यात कापूस, आयोडीन, जंताच्या गोळ्या आणि एक लांबडं रजिस्टर. हेडसरांच्या ऑफिसशेजारच्या अडगळीच्या खोलीत त्यांचा बाक. मी सातवीत असताना माझं पोट दुखायला लागलं. खरंखुरं बरं का, नाटक नव्हतं! सिस्टर पोट दाबून बघायच्या, ग्लासभर साखर-मिठाचं पाणी द्यायच्या आणि विचारायच्या, "जेवलास काय?" मग पाच मिनिटं बाकावर बसवायच्या. पाचाची पंधरा कधी व्हायची कळायचंच नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांनी रजिस्टरची मागची पानं चाळली. "काय रे बाळ, तुझं पोट मंगळवारीच कसं दुखतंय?" मला वाटलं, संपलं, आता हेडसरांकडे रवानगी. सिस्टरनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "घरात काय चाललंय?"

घरात बाबांचे माग बंद पडले होते. सहापैकी चार भंगारात गेले होते. रात्री आई-बाबा दबक्या आवाजात भांडायचे आणि मी डोळे मिटून ऐकत पडायचो. हे मी पक्क्या मित्रालाही सांगितलं नव्हतं. सिस्टरना सांगितलं.

त्यांनी फार मोठं काही केलं नाही. इकडूनच चालले होते म्हणत एका संध्याकाळी घरी आल्या, आईशी चहावर अर्धा तास बोलल्या. आमच्या वर्गशिक्षकांना सांगून ठेवलं, की फीचं याला सगळ्यांसमोर विचारू नका. माग काही परत आले नाहीत, पण दिवाळीपर्यंत माझी पोटदुखी गेली.

परवा रिपोर्ट बाजूला ठेवून मी जरा वाचायला बसलो, तर लक्षात आलं, की हा शहाणपणा शंभर वर्षांहून जुना आहे. १८९७पासून न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर तपासणीला यायचे. डोळे आलेत, खरूज आहे, उवा आहेत, असं दिसलं की पोराच्या हातात चिठ्ठी आणि घरी रवानगी. पुढे काय? काहीच नाही. घरी उपचाराला पैसे नसायचे आणि पोरं रस्त्यावर खेळत बसायची. मग १९०२च्या ऑक्टोबरमध्ये लिलियन वाल्ड नावाच्या बाईंनी आपली एक नर्स, लिना रॉजर्स, महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांत पाठवली. या लिनाबाई शाळेतच मलमपट्टी करायच्या आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला औषध कसं लावायचं ते दाखवायच्या. सप्टेंबर १९०२मध्ये घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा होता १०,५६७. वर्षभराने, सप्टेंबर १९०३मध्ये, १,१०१. तपासणी आधीही होतीच. विचारपूस करणारं माणूस नवीन आलं होतं!

आपल्याकडे काय आहे? आहे ना. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स अशी टीम गाडी घेऊन सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाते. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार, वाढीतला उशीर, सगळं तपासते आणि गरज असेल त्या मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवते. काम मोलाचं आहे, यात वादच नाही. पण उरलेल्या ३६४ दिवसांचं काय? सहावीपासूनच्या मुला-मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना ॲनिमिया निघाला. गोळी वाटणं आणि गोळी पोटात जाणं यांच्या मध्ये कुणीतरी लागतं. मळमळतं म्हणून ती दप्तरात लपवली, हे ओळखणारं. आणि पोट नक्की कशाने दुखतंय, हे रजिस्टर चाळून शोधणारं.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे बॉस. तुमच्या भाच्याच्या, पुतणीच्या, उद्या तुमच्या स्वतःच्या पिल्लाच्या शाळेत स्विमिंग पूल आहे का, एसी बस आहे का, हे आपण पहिलं विचारतो. पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारा. शाळेत नर्स आहे का? असेल, तर ती फक्त बँडेडच्या डब्याची राखण करते, की मुलं तिच्याशी बोलायला जाऊन बसतात? माझी ताई भाच्याच्या शाळेच्या मीटिंगला गेली, तेव्हा मी तिला हेच विचारायला लावलं. सगळे पालक तिच्याकडे वळून बघायला लागले म्हणे. बघू देत!

हे सगळं लिहिताना राहवेना, म्हणून आईकडून सिस्टरचा नंबर मिळवला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली त्यांना. नाव सांगितलं तर ओळख पटायला दोन मिनिटं लागली. मग पलीकडून प्रश्न आला, "जेवलास काय?"

दुपारचे तीन वाजले होते. डबा अजून बॅगेतच होता.