'वीस सात'वर हसण्याआधी...

२०१९मध्ये व्हॉट्सअॅपचा कुठलाही ग्रुप उघडला, की 'वीस सात'चे जोक्स हजर असायचे! बालभारतीच्या दुसरीच्या तेव्हाच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असंही वाचायला दिलं होतं. सोबत, बरं का! 'सत्तावीस' हद्दपार झालेला नव्हता. पण तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, असं अजित पवारांनी विधानसभेत विचारलं आणि मूळ मुद्दा हशात वाहून गेला.

२७ लिहिताना आपण आधी २ लिहितो, बोलताना मात्र आधी सात. एकोणसाठ तर कहरच! लिहायचे पाच दशक आणि नावात साठ. कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत २७ म्हणताना वीस आधी येतात. त्यात आपल्याकडे जोडाक्षरांची भर. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हीच अडचण सांगत होत्या.

यामागे 'ज्ञानरचनावाद' नावाचा जड शब्द आहे. डीएड-बीएड करणाऱ्या मित्रांना तो पाठ असतो (हाही विनोदच). मूल म्हणजे रिकामा डबा नाही. वस्तू हाताळत, चुकत ते स्वतःच अर्थ लावतं, एवढंच त्यात म्हटलंय. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हे स्वीकारलं. २०१५नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'मधून ते झेडपीच्या शाळांत पोचलं, फरशा रंगल्या, काड्यांचे गठ्ठे आले. दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या हातात असलेल्या मुलाला 'वीस आणि सात' आपसूक सुचतं. पुस्तकाने ते छापलं, इतकंच.

पालकांशी आधी बोलायला हवं होतं, हे खरंच. शिवाय एसटीचा कंडक्टर 'सत्तावीस रुपये'च म्हणणार, म्हणजे जुनं नावही शिकावं लागणारच.

पण हसत होतं कोण? 'हा सम दरवर्षी येतो' म्हणून स्टेप्स पाठ करून एम-थ्री काढणारे आपण! लाप्लासचं टेबल तोंडपाठ, पण ते नेमकं करतं काय, हे विचारलं की शांतता.

परवा दुसरीतल्या भाचीला एकोणसाठ लिहायला सांगितलं. तिने ६९ लिहिलं. मग काड्या दिल्या, पाच गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या. तिने मोजलं, ५९ लिहिलं आणि विचारलं, "मामा, मग यात साठ कुठेय?"