युद्धाच्या छायेतील द्राक्षमळे

सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन द्राक्षतोडणीच्या हंगामात, लेबनॉनच्या बेका खोऱ्यावर इस्रायली बॉम्बवर्षाव झाला. तेथील होशार कुटुंबाला असे संकट नवे नव्हते.

गास्तों होशार यांनी १९३० साली 'शातो मुझार' वायनरी स्थापन केली. १९५९ पासून पुत्र सर्ज यांनी तेथे द्राक्षारसनिर्मितीची धुरा वाहिली. आज तिसरी पिढी कारभार पाहते. मळे बेका खोऱ्यात, तर वायनरी डोंगरापलीकडे गझीर येथे आहे. १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धात हा मार्ग वारंवार धोक्यात येई; १९७६ साली द्राक्षारस झालाच नाही. तरीही कुटुंबाने व्यवसाय सोडला नाही.

द्राक्षमळा हा गाठोड्यात बांधून परदेशी नेता येणारा वारसा नव्हे. म्हणूनच आम्हांस वाटते, शांततेची खरी कसोटी करारावरील स्वाक्षऱ्यांत नसून पुढची पिढी निर्धास्तपणे मळ्यात उतरते की नाही, यात आहे.