बोज्याची गाडी शोरूमला देताना

सुंदरराव सोळंके साखर कारखान्याचा पट्टा पडला, वाहतुकीचे हिशेब हातात आले की तेलगावात गाड्या बदलायच्या गोष्टी सुरू होतात. जुनी द्यायची, वर थोडे भरायचे, नवी आणायची. आणा की, कुणाची हौस मोडायला मी बसलेलो नाही. पण जुन्या गाडीचे हप्ते अजून चालू असतील, तर एवढं वाचून मग बीडची वाट धरा.

हप्त्यातली गाडी तुमची असली तरी मोकळी नसते. आरसीवर फायनान्सचं नाव चढलेलं असतं आणि फायनान्सच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. शोरूमचा माणूस म्हणतो, "साहेब, लोन आम्ही क्लोज करतो, तुम्ही फक्त सह्या करा." बऱ्याचदा करतातही. पण कधी? खातं तुमचं आहे. त्यांनी महिना-दोन महिने लावले तर थकलेला हप्ता तुमच्या नावावर दिसणार आणि सिबिलही तुमचंच बिघडणार. म्हणून भावाची बोलणी करण्याआधी फायनान्सकडून फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या. उरलेले महिने गुणिले हप्ता हा हिशेब धरू नका, त्यात पुढचं व्याजही मोजलं जातं. आज खातं नील करायला किती लागतात ते फायनान्सच लिहून देईल. व्याजदर ठरावीक असेल तर मुदतीआधी फेडण्याचा आकारही त्यात असू शकतो.

आता खरी गंमत. समजा, शोरूमने गाडीचे ४ लाख २० हजार धरले आणि बाकी निघाली ४ लाख ७५ हजार. ५५ हजार तुमच्या अंगावर. ते रोख कुणी मागत नाही, नव्या कर्जात गुपचूप मिसळतात. दहा टक्क्यांनी पाच वर्षांत त्या ५५ हजारांचे सुमारे ७० हजार होतात, आणि ते विकून टाकलेल्या गाडीचे! हप्ता "फक्त अकराशे-बाराशेने" वाढतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव पडणारच. शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी काय मिळाले ते मनात धरून जाऊ नका. एक्स्चेंज बोनस, जुन्या गाडीची किंमत आणि नवीवरची सूट, तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा. एकत्र सांगितले की एकात वाढवून दुसऱ्यात कापायला जागा राहते.

पैशांपेक्षा मला नावाची जास्त धास्ती वाटते. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये एक प्रकरण निकाली निघालं. गाडी २००७ साली विकली होती, पुढे ती आणखी हातांत गेली, २००९ मध्ये अपघात झाला. आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच टाकली. विमा चालू असेल तर कंपनी भरते. पण तुम्ही देऊन टाकलेल्या गाडीचा विमा पुढचा माणूस भरतोय की नाही, हे तुम्ही कुठून बघणार?

यावर सोय झालेली आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू आहे. अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची नोंद फॉर्म २९-सीने ऑनलाइन होते आणि तिथून पुढे जबाबदारी त्याची. शोरूमला सरळ विचारा, "तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का?" नसेल तर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा तुम्हालाच करायचा आहे. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या ठोकून चहा पिऊन परत येऊ नका. गाडी कुणाच्या नावे, कोणत्या तारखेला, किती वाजता दिली, किती किलोमीटर चालली होती, हे शिक्क्यानिशी घ्या. खातं बंद झाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ निघाला का, हे फायनान्सला स्वतः विचारा.

पुण्यात कंपनीकडून लीजवर गाडी मिळालेली गावची पोरं आहेत. त्यांचं प्रकरण निराळं. तिथे गाडी लीज कंपनीची असते, तुम्ही फक्त भाडं भरता. ती शोरूमला द्यायची तर आधी लीज कंपनीकडून करार मोडण्याची रक्कम लेखी घ्यावी लागते आणि गाडी विकत घेऊ देतात का, तेही करारात बघावं लागतं.

विम्यात क्लेम न घेतल्याची सूट साठली असेल तर ती गाडीची नाही, तुमची आहे. पाच वर्षं क्लेम नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन नव्या गाडीला लावा, शोरूमवाला आपणहून आठवण करेलच असं नाही. आणि चावी देण्याआधी फास्टॅग बंद करा, नाहीतर गाडी दुसरा फिरवील आणि टोल तुमच्या खात्यातून कटेल.