आधी यादी, मग लॅपटॉप

मुलाचा एमबीएचा प्रवेश निश्चित झाला, की घरात पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. माझ्या धाकट्या बहिणीकडे नुकतेच असेच झाले. मेहुण्यांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. भाच्याने लाखाच्या वरचे मॅकबुक पसंत केले होते. मेहुणे म्हणाले, "बिल पेढीच्या नावाने घेऊ, म्हणजे जीएसटी वजा मिळेल. सॉफ्टवेअर आपला संगणकवाला फुकट भरून देतो." मग मला विचारणा झाली. तेव्हा जे सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवतो.

यंत्राआधी काम पाहावे. या अभ्यासक्रमात बहुतेक वेळ एक्सेलमध्ये जातो. मॅकवर एक्सेल चालते. परंतु त्यात पॉवर पिव्हॉट ही सोय नाही, आणि पॉवर बीआय डेस्कटॉप व टॅली हे प्रोग्राम विंडोजसाठीच बनलेले आहेत. म्हणून संस्थेकडून आवश्यक सॉफ्टवेअरची यादी प्रथम मागवावी. सर्वसाधारणपणे १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पुरेशी होते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. तेथे काटकसर करू नये. रोज पाठीवर न्यायचे असल्याने वजन दीड किलोच्या आसपास असावे.

सॉफ्टवेअरची चोरटी प्रत घेऊ नये. तिच्यातून व्हायरस शिरण्याचा धोका असतो, आणि त्याच यंत्रावरून उद्या पेढीचे नेटबँकिंगही होणार असते. शिवाय दुसऱ्याची वस्तू मोल न देता वापरणे हे अचौर्य व्रतात बसत नाही. तशी गरजही नाही. अनेक संस्था विद्यार्थ्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ विनामूल्य देतात. आर, पायथन आणि लिब्रेऑफिस सर्वांनाच मोफत आहेत. टॅलीमध्येही परवान्याविना सराव करता येतो. नोंदीच्या तारखांवर बंधन असते, पण शिकण्यापुरते ते चालते.

आता बिलाविषयी. ६०,००० रुपयांच्या लॅपटॉपवर १८ टक्के दराने १०,८०० रुपये जीएसटी होतो. रक्कम मोठी असल्याने मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेली वस्तू खाजगी वापराची ठरते, आणि तिच्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेण्यास सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मनाई आहे. चुकीने घेतलेले क्रेडिट पुढे व्याजासह भरावे लागू शकते.

ज्यांना शैक्षणिक कर्ज घ्यावयाचे आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. त्याचे कोटेशन अर्जासोबतच जोडावे. कर्ज मंजूर झाल्यावर रक्कम वाढवून मागणारे पालक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांना हेलपाटेच पडत.

संस्थेची यादी आल्यावर भाच्याने स्वतःच मॅकचा हट्ट सोडला. मेहुण्यांना मात्र ते १०,८०० रुपये सोडवत नव्हते. मी म्हटले, "मुलगा हिशेब शिकायला निघाला आहे. त्याच्या पहिल्या खरेदीची नोंद आपण कशी करतो, हे तो पाहतो आहे."

मेहुणे काही बोलले नाहीत. दुकानात बिल करताना मात्र त्यांनीच मुलाचे नाव सांगितले.