नेवाशाची पोथी आणि कॉपीलेफ्टचा परवाना

१/९
शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठी टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. संस्कृतातले ज्ञान मराठीत खुले झाले, म्हणून ज्ञानेश्वरीला 'पहिले ओपन सोर्स' म्हणण्याचा मोह होतो. ती उपमा ढोबळ आहे. खरा धडा या ग्रंथाच्या पुढच्या प्रवासात आहे.

२/९
हस्तलिखितांच्या काळात प्रत करणारा प्रत्येक जण संभाव्य संपादक असे. कुणी शब्द सोपा केला, कुणी स्वतःची ओवी घातली. जोड कोठे आहे, हे कुणी नोंदवले नाही. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि ग्रंथ शुद्ध केला.

३/९
अखेरीस त्यांनी बजावले, की या ग्रंथात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. भर घालण्यावर ही सरळ बंदीच होती. १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीपीएल हा परवाना आणला, तेव्हा त्यांनी नेमकी उलट वाट धरली.

४/९
जीपीएल सांगते : भर अवश्य घाला, पण बदल केल्याची नोंद ठेवा. बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला द्याल, तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या. यालाच कॉपीलेफ्ट म्हणतात. केवळ स्वतःपुरता वापर केला, तर ही अट लागू होत नाही.

५/९
मग असा कोड कंपनीच्या बंदिस्त कोडशी जोडला तर? एका रुमालात दोन पोथ्या बांधल्या म्हणून त्यांचा एक ग्रंथ होत नाही. तसेच एका डिस्कवर दोन स्वतंत्र प्रोग्राम राहू शकतात. मात्र दोन्हींचे धागे विणून एकच प्रोग्राम घडवला आणि तो वाटला, तर सगळ्यालाच जीपीएल लागू होते. या दोन टोकांमधल्या 'लिंकिंग'वर जाणकारांत आजही मतभेद आहेत.

६/९
एक उदाहरण पुरेसे आहे. २००३ साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले. लिनक्सचा गाभा जीपीएलखाली आहे. मागणी वाढल्यावर कंपनीने सोर्स कोड खुला केला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

७/९
कंपन्यांचा आक्षेप असा, की हा परवाना संसर्गासारखा पसरतो. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. हा आक्षेप टिकत नाही. दुसऱ्याची मेहनत वापरण्याची सक्ती कुणावर नसते. अट नको असेल, तर स्वतःचा कोड लिहिता येतो. शिवाय मधल्या वाटाही आहेत. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. तो बंदिस्त सॉफ्टवेअरसोबत देता येतो. फॉन्टची सुधारित आवृत्ती मात्र त्याच परवान्याखाली राहते.

८/९
आता पुन्हा पोथीकडे. एकनाथांनी ग्रंथ वाचवला, हे निर्विवाद. पण त्यांनी कोणते पाठ बाजूला सारले, हे त्यांच्या शुद्ध प्रतीवरून समजत नाही. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेली एक प्रत १९०९ साली छापली, तेव्हा अभ्यासकांना मूळ पाठाचा प्रश्न नव्याने हाताळावा लागला. बंदीने ग्रंथाची शुद्धता राखली. बदलांचा इतिहास मात्र नोंदीशिवाय हरवला. या एका बाबतीत जीपीएलची अट अधिक दूरदर्शी ठरते.

९/९
एकनाथांना प्रती ताडता आल्या, कारण त्या वाचता येत होत्या. बंदिस्त कोडात मिसळलेला खुला कोड फक्त चालतो. तो वाचता येत नाही, म्हणून ताडताही येत नाही. मिसळण्यात दोष नाही, सांधा लपवण्यात आहे. उद्याच्या संपादकासाठी तो सांधा उघडा ठेवणे, एवढेच कॉपीलेफ्ट मागते, आणि ही मागणी रास्त आहे.