काटा हलला नाही, तरी चालेल!

सध्या कुठल्याही ऑफिसात लंच टाइमला चक्कर मारा. एकाच्या डब्यात पोळी नाही, दुसरीच्या डब्यात भात नाही आणि तिसऱ्याकडे डबाच नाही, कारण त्याचं फास्टिंग चालू आहे. प्रत्येकाच्या मोबाइलवर मात्र वजनाचा ग्राफ हवाच. सोमवारी ७४.२, मंगळवारी ७३.६. बुधवारी टीममध्ये कुणाचा तरी बर्थडे, गुरुवारी पुन्हा ७४.४ आणि दिवसभर मूड ऑफ! सेन्सेक्सकडेही आपण इतक्या वेळा बघत नाही.

आता या ग्राफचं थोडं पोस्टमार्टेम करू. कार्ब्ज बंद केले की पहिल्याच आठवड्यात एक-दोन किलो झटकन उतरतात. कारण सोपं आहे. आपलं शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही गेलं. म्हणजे तुम्ही मित्रांना जी पार्टी दिलीत, ती बरीचशी पाणी गेल्याची होती!

पुढे चरबीही उतरते, नाही असं नाही. पण त्यात लो-कार्बची खास जादू नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ लोकांचे दोन गट केले. एक लो-फॅट, दुसरा लो-कार्ब. वर्षानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, दुसऱ्याचं ६ किलो. फरक नगण्य. साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, हे मात्र दोन्ही गटांना सांगितलं होतं. खरी मेख तिथेच आहे.

त्याहून मोठी मेख आपल्या पुण्यातलीच आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी जवळपास तेवढीच! दिसायला बारीक, आतून जाड. २००४ मध्ये याज्ञिकांनी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याशेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला हे कळणार कसं?

माझ्या एका मैत्रिणीचं वजन ५२ किलो, उंची १६० सेंटिमीटर. आम्ही सगळ्या तिच्यावर जळायचो. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये तिचा एचबीए१सी आला ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय २८! वडिलांना डायबेटिस आहे, पण 'मी तर बारीक आहे' म्हणून तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. कंबर मोजली तर ८४ सेंटिमीटर.

मग दोष कुणाचा, भाकरीचा की खुर्चीचा? गेल्या पावसाळ्यात माळशेजला जाताना जुन्नर तालुक्यातल्या मढ गावात आम्ही जेवायला थांबलो. भात, नाचणीची भाकरी, पिठलं. आमच्यातल्या कीटोवाल्याने भाकरी बाजूला सारली. वाढणाऱ्या मावशी सकाळपासून भातलावणी करून आलेल्या. म्हणाल्या, "भाकर नको? मग कामाला जोर कुठनं यायचा रं बाबा?" बिचारा काय बोलणार! त्याचं काम म्हणजे नऊ तास खुर्ची आणि एक माऊस.

पण गावाचं उगाच कौतुकही नको. बाईक आणि बिस्किटांचे पुडे आता तिथेही पोचलेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या जादा वजनाच्या बायकांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झालं. पुरुषांचं १८.९ वरून २२.९ टक्के. शिवाय आपल्या रोजच्या कॅलरीजपैकी साधारण ६२ टक्के कार्ब्जमधून येतात, त्यातही पांढरा भात, गव्हाचं पीठ आणि साखर जास्त. तेव्हा कमी करा, जरूर करा. हद्दपार करू नका.

सो, फंडा काय? एक, शिंप्याकडची टेप आणा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही धोक्याची रेघ. दोन, तीन पोळ्यांच्या दोन करा आणि उसळीची वाटी दुप्पट. तीन, जेवणानंतर दहा मिनिटं चाला आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला, कारण जेवणातलं ग्लुकोज सगळ्यात जास्त रिचवतात ते स्नायू. आणि डायबेटिसची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी तोडू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

मैत्रिणीने नऊ महिने हेच केलं. कंबर ७९, एचबीए१सी ५.६. आणि वजन? अजूनही ५२! तिच्या मोबाइलमधला ग्राफ म्हणजे एक सरळसोट आडवी रेघ. असा कंटाळवाणा ग्राफ तुमच्याही वाट्याला येवो!